तिघांनी पाहिलेला डावा हात

१

बायजा सकाळी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला बांधावर गेली तेव्हा ओहोटी लागली होती. खाडीचं पाणी उतरत होतं आणि उघाडीच्या तोंडाशी काहीतरी अडकलेलं दिसत होतं. उघाडी म्हणजे खारबांधातलं लाकडी दार. भरतीचं खारं पाणी ते शेतात येऊ देत नाही, आणि ओहोटीला शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत सोडून देतं. वाहत आलेलं वासरू असेल असं बायजाला वाटलं. जवळ गेल्यावर तिला आधी पैरणीची बाही दिसली, मग चिखलात रुतलेला हात, आणि मग अर्धा पाण्यात असलेला चेहरा.

तो दत्तात्रेय होता, खारशिवणे गावच्या गावकीतला पंच. डोक्याच्या मागच्या बाजूला जखम होती. पाण्याने धुऊन धुऊन ती पांढरी पडली होती.

बायजाची ओरड ऐकून थोड्याच वेळात सगळं गाव बांधावर जमलं. नवल असं की कोणी रडलं नाही, कोणी मोठ्याने बोललंही नाही. माणसं एकमेकांकडे न बघता पाण्याकडे बघत राहिली. धरमतरच्या खाडीकाठचं हे गाव गेलं वर्षभर असंच, आवाज दाबून जगत होतं.

कारण होती गावकी. गावकी म्हणजे ग्रामपंचायत नव्हे. ग्रामपंचायत मतांनी निवडून येते, तिला कायदा असतो आणि तिच्यावर सरकारचा डोळा असतो. गावकीला यातलं काही लागत नाही. पालखी कधी निघायची हे ती ठरवते, आणि कोणाशी कोणी बोलायचं नाही हेही तीच ठरवते. सत्त्याण्णवच्या पंचायत निवडणुकीत बायकांच्या राखीव जागेवर गावकीने एक नाव ठरवलं होतं. मिठागरात काम करणाऱ्या पोपटाची बायको रंभा त्या नावाच्या विरोधात उभी राहिली. ती हरली, पण उभी राहिली एवढं पुरे होतं. पोपटाचं घर वाळीत पडलं. विहिरीवर पाणी बंद, गिरणीत दळण बंद, बोलणं बंद. त्या पावसाळ्यात पोपटाच्या आईला फुरसं चावलं, तेव्हा गावातला एकुलता एक टेम्पोही मिळाला नाही. झोळीत घालून वडखळच्या नाक्यापर्यंत नेईतो म्हातारी गेली.

त्यानंतर पोपट रोह्याला एका कंपनीत ठेकेदाराकडे कामाला लागला. रंभा मात्र हट्टाने गावातच राहिली.

दत्तात्रेयाच्या खुनाची फिर्याद गावकीचा मुख्य पंच जगन याने दिली. त्यात लिहिलं होतं, 'वाळीत टाकल्याच्या रागातून पोपट याने हे कृत्य केले असे गावात बोलले जाते.' गावात म्हणजे कोण, हे लिहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी पोलिसांनी पोपटाला रोह्यात कंपनीच्या दारावरून उचललं. दुसऱ्या दिवशी पेणच्या एका साप्ताहिकात त्याचा फोटो आला आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'आरोपीची कबुली'. मग तीन साक्षीदार पुढे आले. तिघांनीही त्याला पाहिलं होतं.

रंभा पेणच्या कोर्टात वकील शोधत फिरली. कोणाला वेळ नव्हता, कोणाची तब्येत बरी नव्हती. शेवटी मोफत कायदा मदतीतून तिला रोह्याच्या नम्रता मोकल ही वकील मिळाली.

नम्रताने वकालतनामा पिशवीत घातला त्याच सकाळी तिच्या घरचा फोन वाजला. पलीकडचा माणूस सावकाश, जवळजवळ प्रेमाने बोलला.

"वकीलबाई, खारशिवण्याला येऊ नका. आमच्याकडचा बांध लय निसरडा हाय."

२

पेणच्या कोठडीत पोपट भिंतीला पाठ लावून बसला होता. अंगात खाकी रंगाचा जुना सदरा, त्याचा डावीकडचा खिसा फाटून लोंबत होता. उजव्या हाताला कोपरापर्यंत मळकट पट्टी होती.

"मी कबूल केलंय, बाई," तो म्हणाला. "आता काय उपेग तुमचा?"

"कोणापुढे कबूल केलंस?"

"सायबांपुढे. लय विचारीत होते. मग म्हटलं, व्हय, मीच."

"पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. कायद्यानेच तसं लिहून ठेवलंय," नम्रता म्हणाली. "का, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल."

पोपटाने मान खाली घातली. मग त्याने सांगितलं ते असं. त्या रात्री तो रोह्यात शिफ्टला होता. शिकाऊ असूनही त्याला मशीनवर उभं केलं होतं, आणि सकाळी शिफ्ट सुटायच्या सुमाराला मशीनमध्ये हात सापडला. ठेकेदाराने ओळखीच्या दवाखान्यात पट्टी करून आणली आणि बजावलं, कंपनीत लागलं असं कुठे बोलू नको. संध्याकाळी पोलीस आले. हाताला लागलेलं बघून त्यांना आनंदच झाला. झटापटीतली जखम, असं त्यांनी लिहिलं.

"दत्तात्रेयाशी तुझं भांडण होतं?"

"वाळीत टाकायच्या बैठकीत तो पण होता, मग राग नसेल काय? पण मरायच्या दोन-चार दिवस आधी तो रोह्याला आलता. कंपनीच्या दारावर उभा. मला म्हणाला, पोपट, तुझ्या आईच्या येळी टेम्पो जगनने अडवला, मी बघत राहिलो. आता मी गप नाय बसणार. पेणला जाऊन सांगीन."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणाले, म्हंजे तो तुला भेटला, तुझं भांडण झालं."

वकालतनाम्यावर सही करायची वेळ आली. पेन त्याने डाव्या हातात धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर काढलं.

बाहेर रंभा उभी होती. समोरच्या चहाच्या टपरीवर ते साप्ताहिक दोरीला लटकत होतं. पहिल्याच पानावर पोपट: विस्कटलेले केस, पट्टीचा हात छातीशी धरलेला, उजवीकडचा खिसा फाटून लोंबणारा. नम्रताने अंक विकत घेतला, उभ्या उभ्या वाचला. काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

"वकीलबाई," रंभा हळूच म्हणाली, "त्या झाडाखालचा माणूस आपल्या गावचा हाय. मी कोर्टात आले तेव्हापासून मागे हाय."

३

रोह्याचा ठेकेदार हसतमुख होता. पोपट त्या रात्री कामावर आलाच नव्हता, असं त्याने चहा पाजून सांगितलं.

"मग हाताला कुठे लागलं त्याच्या?"

"मला काय म्हायती, मॅडम."

नम्रता बाहेर पडली तेव्हा तिला राग आला नव्हता. हा माणूस खोटं का बोलतो ते उघड होतं. शिकाऊ माणूस मशीनवर उभा केला, त्याला इजा झाली, हे कबूल केलं तर त्याचं कंत्राट जाईल. त्याचं सांगणं खुनाबद्दल नव्हतंच मुळी, ते त्याच्या स्वतःबद्दल होतं. कोणीही काही सांगितलं की ती मनात एवढंच विचारायची, याला हे कळलं कुठून, आणि हे सांगून याचं काय वाचतंय.

दुसऱ्या दिवशी ती खारशिवण्याला गेली. बसमधून उतरली तेव्हा वडाखाली जगन उभाच होता. पांढरा शुभ्र लेंगा-सदरा, कपाळाला बुक्का, बोलणं मऊ.

"या, या. बाई माणूस एकटं फिरू नये. मी हाय सोबत."

तो आवाज फोनवरचा होता का? नम्रताला खात्री देता येईना. आणि खात्री नसताना ठरवायचं नाही, हे ती स्वतःला बजावत राहिली.

पहिली बायजा. ओटीवर बसली होती, पदराचं टोक दातात.

"पोपटाला पाहिलंत?"

"पाह्यला. उजाडायला लागलं व्हतं. बांधावरून मिठागराकडं चालला व्हता. डाव्या हाताला पांढरं फडकं बांधल्यालं."

ती नम्रताकडे बघत नव्हती. तिच्या खांद्यावरून मागे, दारात उभ्या जगनकडे बघत होती.

दुसरा मालू, टेम्पोवाला. "बांधावरून मिठागराकडं चालला होता. डाव्या हाताला पांढरं फडकं होतं बांधल्यालं."

तिसरा शिवा. उघाडीची राखण त्याच्याकडे होती. दार उघडायचं, लावायचं, फळ्या बघायच्या. त्या पहाटे तोच उघाडीवर असायला हवा होता. नम्रताचा सगळा संशय त्याच्यावर होता. तो हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"त्या पहाटे तुम्ही उघाडीवर नव्हता?"

"अंगात ताप व्हता."

"मग पोपटाला कुठून पाहिलंत?"

शिवाने जगनकडे बघितलं. "दारातून. बांधावरून चालला व्हता. डाव्या हाताला पांढरं फडकं."

मालूच्या दारातून बांध दिसत होता. शिवाच्या दारासमोर मात्र पेंढ्याची भलीमोठी उडवी उभी होती. नम्रताने ती पाहिली आणि मनात नोंदवली.

दत्तात्रेयाच्या घराशी ती थांबली. आतल्या खोलीत, अर्ध्या अंधारात त्याची बायको काशीबाई बसली होती. दोघींची नजरानजर झाली. काशीबाईचे ओठ हलल्यासारखे वाटले.

जगन मध्ये येऊन उभा राहिला. "सुतक हाय, वकीलबाई. आता नको."

बस येईपर्यंत तो सोबत थांबला. बस आली तेव्हा म्हणाला, "दत्तू पण असाच. नको तिथं पाय टाकायची सवय."

बसच्या खिडकीशी बसल्यावर नम्रताने घाम पुसला आणि पिशवीतला अंक पुन्हा काढला. फोटोतल्या पोपटाकडे ती बघत राहिली. पट्टी बांधलेला हात डावा होता.

डावा. पण सही त्याने डाव्या हाताने केली होती, कारण उजवा बांधलेला होता.

४

साप्ताहिकाचं ऑफिस पेणच्या बाजारात, एका माळ्यावर होतं. संपादक, बातमीदार, फोटोग्राफर सगळं एकच, मितेश नावाचा माणूस. खाली छापखाना धडधडत होता.

नम्रताने फोटोवर बोट ठेवलं. "पुरुषाच्या सदऱ्याचा खिसा कुठे असतो?"

"डावीकडे." मितेशने स्वतःच्या छातीकडे बघितलं, मग अंकाकडे. "अरेच्चा. निगेटिव्ह उलटी लागली वाटतं. घाईत होतं असं. का, काय फरक पडतो?"

"तीन माणसांनी शपथ घेऊन सांगायची तयारी केलीय की त्या पहाटे पोपटाच्या डाव्या हाताला फडकं होतं. त्याचा डावा हात धडधाकट आहे. डाव्या हाताला फडकं असलेला पोपट जगात फक्त एका ठिकाणी आहे. तुमच्या पहिल्या पानावर."

मितेश खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"म्हणजे त्यांनी पोपटाला पाहिलंच नाही," नम्रता म्हणाली. "तुमचा अंक पाहिला. तिघं वेगवेगळे चुकले असते तर मी म्हटलं असतं, माणसं चुकतात. पण तिघांची चूक एकच आहे, म्हणजे ती एकाच जागेवरून आली."

"मी कोणाला पढवलं नाही, मॅडम."

"तुम्हाला कोणी पढवलं? बातमी कुठून आली?"

"विश्वसनीय सूत्रांकडून."

"तुम्ही स्वतः खारशिवण्याला गेला होता?"

"फोन आला होता," तो म्हणाला. "गावातून. जबाबदार माणसाचा. नाव सांगणार नाही, बातमीदाराला तेवढा धर्म पाळावा लागतो."

"पोपटाची बाजू विचारलीत? त्याच्या बायकोला?"

"वाळीत टाकलेल्यांच्या घरी गेलो असतो तर माझा अंक खाडीपट्ट्यात कोणी हातात धरला नसता," मितेश म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही. त्यालाही भीती वाटत होती, हे नम्रताला तेव्हा कळलं.

तिने बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली, या वेळी एकेक वाक्य थांबून. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'उघाडी गळते आहे अशी पहाटे हाक आल्यावरून पंच घराबाहेर पडले होते.'

फिर्यादीत हे नव्हतं. पंचनाम्यात नव्हतं. तिघांपैकी कोणी हे बोललं नव्हतं.

"ही हाक तुम्हाला फोनवरच्या माणसाने सांगितली?"

"हो. सगळं त्यानेच सांगितलं."

पहाटे दत्तात्रेयाच्या दारात कोणीतरी हाक मारली होती. ती हाक मारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांनाच ठाऊक असणार. ऐकणाऱ्यांपैकी एक मेला होता. दुसरी त्या अर्ध्या अंधाराच्या खोलीत बसली होती.

५

"दहाव्याला बापये सगळे खाडीवर जातील," रंभाने सांगितलं. "तेव्हा घरात ती एकटी असंल. मी नेते तुमाला, मिठागरातून."

त्या सकाळी दोघी मिठागरांच्या बांधावरून चालल्या. दोन्ही बाजूंना उथळ पाण्याचे चौकोन, त्यांत आभाळ. लपायला झाड नाही, झुडूप नाही. दूर खाडीच्या काठावर पांढरे सदरे दिसत होते. त्यांतल्या एकाने जरी मान वळवली असती तरी त्याला या दोघी दिसल्या असत्या. नम्रताला पळावंसं वाटत होतं. रंभा मात्र नेहमीच्या चालीने चालत होती. वर्षभर लोकांच्या नजरा पाठीवर घेऊन चाललेली बाई ती.

काशीबाईने दार उघडलं, रंभाला बघितलं आणि तिचा हात दाराच्या फळीवर तसाच राहिला. वाळीत टाकलेल्या बाईला घरात घेणं म्हणजे आपणही वाळीत जाणं. क्षणभराने ती बाजूला झाली.

"बसा गो," ती म्हणाली.

नम्रताने घाई केली नाही. "त्या पहाटे तुम्ही काय ऐकलंत, तेवढंच सांगा."

"हाक आली. दत्तू, उघाडी गळतेय, चल बिगी. हे उठले, कंदील घेतला, गेले."

"शिवाची हाक होती?"

"शिवाचा आवाज नव्हता."

"मग कोणाचा?"

काशीबाईने दाराकडे बघितलं.

"हे तुम्ही कोणाला सांगितलंत का? शेजारी, पोलिसांना, कोणालाही?"

"कुणाला नाय. पोलिसांनी मला इचारलंच नाय. ते ओटीवर बसले, जगनशी बोलले, गेले. आणि जगन मला म्हणाला, काशी, तू काय बोलू नको, आमी बघतो."

नम्रताने पिशवीतून अंक काढला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. काशीबाईने ते पुन्हा वाचायला लावलं. तिचा चेहरा हळूहळू राखेसारखा झाला.

"मी तर सांगितलं नाय," ती म्हणाली. "मग यांना कोणी सांगितलं?"

"ज्याने हाक मारली त्याने."

"मला वाटत होतं मलाच भास झाला," काशीबाई म्हणाली. "आवाज तर रोजचा. रोज सकाळी दारावरून जाताना हाक मारायचा. मी मनाला म्हणायची, तो कशाला असं करील. एवढी वर्षं यांच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस." ती थांबली. "जगनचा आवाज होता."

रंभाने तोंडावर पदर धरला.

"मी बोलले तर मला पाणी कोण देईल?" काशीबाईने विचारलं. ती कोणावर चिडली नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. "तो कायदा आहे ना तुमचा, तो देईल का हंडा भरून?"

"नाही देणार," नम्रता म्हणाली. "वाळीत टाकणं या नावाचा वेगळा गुन्हासुद्धा आज आपल्या कायद्यात नाही. वाट अडवणं, धमकावणं हे गुन्हे आहेत, त्यांची तक्रार मी करीन, पण निकाल उद्या लागणार नाही. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. मात्र शिक्षा द्यायचा हक्क कोर्टाला आहे. गावकीला तो कोणीही दिलेला नाही. आणि तुम्ही बोलला नाहीत तर पोपट जाईल."

"मी सांगू जगनने यांना मारलं?"

"नाही. मारताना तुम्ही पाहिलेलं नाही. जे कानाने ऐकलंत तेवढंच. त्याच्या पुढचं एक अक्षर बोललात तर तुमच्यात आणि त्या तिघांत फरक राहणार नाही."

काशीबाई विचार करत होती. तेवढ्यात बाहेर अंगणात चपला वाजल्या. माणसं लवकर परतली होती.

दारातला उजेड कमी झाला. जगन उभा होता, ओलं धोतर, डोकं ओलं.

६

"सुतकाच्या घरात वाळीतली बाई," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ. "काशी, हे बरं नाय केलंस."

त्याच्या मागे अंगणात गावातले बापये उभे होते. त्यांत मालू होता, शिवा होता. कोणीही आत येत नव्हतं, कोणी मागेही जात नव्हतं.

नम्रताने त्या माणसांकडे बघितलं. एवढ्या माणसांसमोर कलमं सांगून काय होणार होतं? तिच्या मनात एकच आलं, इथून उघाडी फार लांब नाही.

तेव्हा काशीबाई उठली. तिने खुंटीवरची शाल घेतली, पायात चपला सरकवल्या आणि रंभाचा हात धरला. गावाने वर्षभर ज्या हाताला हात लावला नव्हता, तो हात.

"बाजूला हो, जगन. मला पेणला जायचंय."

"कशाला?"

"तू मारलेली हाक सांगायला."

अंगणातल्या माणसांनी ते ऐकलं. जगन हलला नाही. त्याचा हात दाराच्या चौकटीवर होता आणि बोटांची नखं पांढरी झाली होती. नम्रता काशीबाईच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"त्यांची वाट अडवलीत तर तोही गुन्हा होईल," ती म्हणाली. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "आणि तो पाहायला इथे सगळं गाव आहे."

मग शिवा जागचा हलला. तो पुढे आला नाही, फक्त एक पाऊल बाजूला झाला. त्याच्या शेजारचाही झाला. अंगणात एक अरुंद वाट मोकळी झाली. जगनने मागे वळून ती वाट पाहिली, आणि चौकटीवरचा हात काढला.

वडखळच्या नाक्यापर्यंत तिघींपैकी एकीनेही मागे वळून बघितलं नाही.

७

पेणच्या इन्स्पेक्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि डोकं हलवलं. "हाक मारली म्हणजे मारलं, असं होत नाही, मॅडम."

"नाही होत," नम्रता म्हणाली. "पण फिर्यादीत जगनने काय लिहून दिलंय ते बघा. बायजाची ओरड ऐकून आपण अंथरुणातून उठलो. दोन्ही खरं असू शकत नाही. आणि ती हाक काशीबाईंनी कोणाला सांगितली नव्हती, तरी ती छापून आली. म्हणजे बातमी देणारा त्या पहाटे त्या दारात होता."

"आणि तिघं साक्षीदार?"

"ते एकमेकांचे साक्षीदार नाहीत, एकाच फोटोचे आहेत. त्यांना वेगवेगळं बोलवा, जगनशिवाय. फडकं कुठल्या हाताला होतं ते विचारू नका. एवढंच विचारा, फोटो पहिल्यांदा कोणी दाखवला."

इन्स्पेक्टरनी कोठडीकडे बघितलं. पोपट गजांपाशी उभा होता. त्याची उजव्या हाताची पट्टी ते रोज बघत होते.

काशीबाईचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शपथेवर झाला. तिने ऐकलं तेवढंच सांगितलं. कोणी मारलं असं वाटतं, असं कोणी विचारायच्या आतच ती म्हणाली, "ते मी पाह्यलं नाय."

मितेशने नाव सांगायला नकार दिला, पण फोन गावातून आला होता हे लिहून दिलं. खारशिवण्यात फोन एकाच घरात होता, जगनच्या.

आधी बायजा रडली. मग मालूने सांगितलं की देवळात बैठक बसली, जगनने अंक वाचून दाखवला, फोटो फिरवला आणि कोणी काय बोलायचं ते ठरवून दिलं. शिवाला एकट्याला बसवून पाणी दिलं तेव्हा तो बोलला. त्या पहाटे जगन त्याच्या घरी आला होता. कोणी विचारलं तर ताप आहे म्हणून सांग आणि आज घरातच राहा, असं त्याने बजावलं. उजाडायच्या आधी शिवा न राहवून उडवीमागे येऊन उभा राहिला. जगन उघाडीकडून एकटाच परत येताना दिसला, कमरेपर्यंत भिजलेला, हातात उघाडीचा लाकडी अडसर. तो अडसर पोलिसांना जगनच्या गोठ्यामागे सापडला.

कारण पोपटाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फक्त कोणी ऐकलं नव्हतं. दत्तात्रेय पेणला जाऊन टेम्पो कोणी अडवला ते सांगणार होता. म्हातारीच्या मरणाचा हिशेब जगनच्या दारात आला असता, आणि गावकीचा धाक तिथेच संपला असता. एका माणसाला गप्प करायचं आणि दुसऱ्याला फासावर धाडायचं, असा त्याचा बेत होता. बाकी सगळं लोकांच्या भीतीने आपोआप होणार होतं.

पोपटाविरुद्ध पुरावा नाही असं पोलिसांनीच कोर्टाला कळवलं. तो सुटला, रोह्याला गेला, आणि हाताच्या इजेसाठी ठेकेदारावर वेगळी तक्रार केली. ती तक्रार पुढे बरीच वर्षं चालली. मितेशने आतल्या पानावर, कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापली.

जगनला अटक झाली त्या रात्री गावाला झोप आली असेल असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. उरलेले पंच देवळात बसले. गावची गोष्ट बाहेर नेली म्हणून त्यांनी काशीबाईला वाळीत टाकलं.

काही दिवसांनी नम्रता कोर्टाच्या कागदावर सही घ्यायला गावात गेली. भर दुपार होती. सगळ्या घरांची दारं लागलेली, आणि प्रत्येक दाराच्या फटीत कोणीतरी उभं असल्याचं कळत होतं. काशीबाईच्या ओटीवर रिकामा हंडा पालथा पडला होता. ती आत बसली होती. नम्रता ओटीच्या कडेला बसली.

तेवढ्यात वाटेवर रंभा दिसली. वरच्या गावाच्या विहिरीवरून, उन्हातून, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन ती येत होती. वाटेतल्या एकाही दाराकडे तिने बघितलं नाही. कमरेवरची कळशी तिने काशीबाईच्या ओटीवर ठेवली आणि घाम पुसत खाली बसली.

पलीकडच्या घराचं दार किंचित उघडलं. बायजा उंबऱ्यात उभी राहिली. ती बाहेर आली नाही. पण तिने दार पुन्हा लावलंही नाही.